वर कळवलंय

साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मी सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त उचलीच्या रजिस्टरावर. सीझनच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादमामार्फत उचल द्यायची, मग सीझनभर ती त्यांच्या बिलातून वळती करायची, एवढंच काम, पण या एवढ्याशा कामात खिडकीच्या अलीकडे मी आणि पलीकडे मुकादम आणि त्याच्या मागे उन्हात बसलेली माणसं असं रोजचं चित्र असायचं. मुकादम विचारायचा, साहेब, आमच्या पैशाचं काय झालं. मी सांगायचो, वर कळवलंय. हे वाक्य मी किती हजार वेळा बोललो असेन.

रिटायर झाल्यावर मुलीकडे गेलो, ती न्यूकॅसलला असते, इंग्लंडच्या उत्तरेला. तीन महिने होतो. एका रविवारी तिने हेक्सॅम नावाच्या जुन्या बाजारगावाकडे गाडी काढली आणि तिथून दक्षिणेला झाडीत, डेव्हिल्स वॉटर नावाच्या ओढ्याकाठी नेलं. सैतानाचं पाणी असं नाव, पण पाणी स्वच्छ आणि खळखळतं. तिथे दोन उंच दगडी कमानी उभ्या आहेत, बाकी काहीच नाही. या जागेचं नाव ड्यूक्सफील्ड. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८३५ पर्यंत इथे शिसं वितळवायची भट्टी चालली, त्या काळातल्या इंग्लंडातल्या मोठ्या भट्ट्यांमधली एक, आणि भट्टीचा धूर लांब नेणाऱ्या नळ्या या कमानींवरून जायच्या. आता कमानींवर शेवाळ आहे, पक्ष्यांचा आवाज, आणि एक माहितीचा बोर्ड. त्या बोर्डाशी मी बराच वेळ उभा राहिलो कारण त्यात लिहिलं होतं की या भट्टीच्या आणि खाणींच्या एजंटांची पत्रं शिल्लक आहेत, आणि आसपासच्या साध्या लोकांनी, कुणी रिटायर्ड शिक्षक कुणी शेतकरी, ती जुनी अक्षरं लावून लावून वाचली आणि टाइप करून काढली.

तेव्हापासून मी ती पत्रं वाचतोय. दोन वर्षं होत आली.

आधी हे सगळं कुणाचं होतं ते सांगतो. न्यूकॅसलचं ब्लॅकेट घराणं, कोळसा आणि शिशाच्या व्यापारावर मोठं झालेलं. पेनाइन डोंगरांच्या उत्तर टोकाला ॲलनडेल आणि वीअरडेल अशी दोन खोरी आहेत, उंच, ओसाड, पावसाची, तिथल्या खाणी यांच्या ताब्यात. १७२८ मध्ये सर विल्यम ब्लॅकेट वारले, औरस मूल नाही, आणि मृत्युपत्रात अट अशी की भाचा वॉल्टर कॅल्व्हर्ली याने माझ्या अनौरस मुलीशी, एलिझाबेथ ऑर्डशी, लग्न करावं आणि ब्लॅकेट हे आडनाव लावावं, तरच इस्टेट त्याची. त्याने पुढच्याच वर्षी लग्न केलं आणि नाव बदललं. हे सर वॉल्टर पुढे १७३४ पासून १७७७ मध्ये मरेपर्यंत न्यूकॅसलचे खासदार होते, म्हणजे लंडनला पार्लमेंट, घरी वॉलिंग्टनचा वाडा, बागा, निवडणुका, आणि खाणी मात्र दूर डोंगरात. मग खाणी कोण चालवणार? एजंट. आपल्याकडे कारभारी किंवा दिवाणजी म्हणतात ना, तेच.

त्यांची उतरंड असायची. वर न्यूकॅसलला मुख्य एजंट, शिशाची विक्री, जहाजं, पैसा, खंड, वकील, सगळं त्याच्याकडे. खाली ॲलनहेड्सला, कोलक्लूला, वीअरडेलला एकेक खाण-एजंट, तो रोज बोगद्यात उतरणारा. मध्ये भट्टीवरचा एजंट. आणि हे सगळे एकमेकांना पत्रं लिहितायत, सारखी, कारण दुसरा उपायच नाही. पत्राला पाकीट नसायचं, कागदच घडी घालून लाखेने बंद करायचा, पैसे घेणाऱ्याने द्यायचे, अंतर किती आणि कागद किती यावर दर. खासदाराला मात्र टपाल फुकट. महिन्याला नावं नाहीत, या महिन्याला इन्स्टंट आणि गेल्या महिन्याला अल्टिमो. १७५२ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर १७३९/४० असं दोन वर्षांचं मिळून एक साल दिसतं, सुरुवातीला मी यात फार गोंधळलो. आणि शेवटी सही करायच्या आधी, आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक. मालकाला असा शेवट, आणि रागावलेल्या पत्राचाही शेवट हाच. आम्हीही मायना आणि कळावे यांच्या मध्ये सगळा राग बसवायचो.

जाणारं प्रत्येक पत्र कारकून एका जाड वहीत हाताने उतरवून ठेवायचा. जेम्स वॉटने कॉपी काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं ते १७८० मध्ये, त्याआधी हातच. आमच्याकडे जावक रजिस्टर आणि ऑफिस कॉपीची फाइल होती, तेच. पण त्यामुळे होतं काय की एखाद्या वहीत फक्त एका बाजूचं बोलणं उरतं. फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसून ऐकावं तसं. त्याने विचारलेलं कळतं, उत्तर काय आलं ते त्याच्या पुढच्या पत्राच्या सुरावरून ओळखायचं.

पत्रांत सगळ्यात जास्त काय असेल तर वाहतूक. मला वाटलं होतं शिशाचा भाव असेल, तो असतोच, पण त्याहून जास्त घोडी. खाणीतून निघालेलं धातुक, म्हणजे शिशाचा कच्चा दगड, भट्टीपर्यंत मैलोन्‌मैल माळावरून न्यायचं, गाडीरस्ते नाहीत, म्हणून गॅलोवे जातीची छोटी दणकट तट्टं, एकेकाच्या पाठीवर साधारण शंभर किलो, एकामागे एक अशी रांग. आपल्या लमाणांचे बैलांचे तांडे डोळ्यांसमोर येतात. तट्टांच्या तोंडाला मुसक्या बांधायचे असं सांगतात, कारण वाटेवर सांडलेल्या धातुकाने आणि भट्टीच्या धुराने गवत विषारी झालेलं असायचं. आणि ही वाहतूक करणारे बरेचसे शेतकरीच, त्यामुळे गवत कापायचे दिवस आले की तट्टं घरी. हिवाळ्यात बर्फ, पावसात चिखल, उन्हाळ्यात कापणी. म्हणजे धातुक हलवायला वर्षातले थोडेच महिने हाताशी, आणि त्यातही ओढ्याचं पाणी आटलं तर भट्टीचे भाते बंद, कारण भाते पाणचक्कीवर चालायचे, आणि पाणी गोठलं तरी बंद. १७३९-४० चा हिवाळा तर इतका कडक की नद्या गोठल्या. तिकडे लंडनला शिशाचा व्यापारी विचारतोय माल कुठाय, आणि इकडे एजंट आभाळाकडे बघतोय. गळीत हंगामात ज्यांनी काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, ऊस तोडून पडलाय आणि गाड्या नाहीत, गाड्या आहेत आणि मिल बंद, मी तर ती पत्रं वाचताना मध्येच पाणी प्यायला उठतो.

मापंही त्यांची वेगळी. धातुक मोजायचं ते बिंगमध्ये, एक बिंग म्हणजे आठ हंड्रेडवेट, म्हणजे चारशे किलोच्या थोडं वर, आपल्या बिंग फुटण्याशी याचा संबंध नाही. तयार शिसं मोजायचं ते फॉदरमध्ये, आणि फॉदर लंडनला साडेएकोणीस हंड्रेडवेट, उत्तरेत त्याहून मोठा. म्हणजे न्यूकॅसलहून निघालेला आकडा लंडनला पोचेपर्यंत बदलायचा, माल तेवढाच. शिशात थोडी चांदी असते, ती ब्लेडनला टाइन नदीकाठच्या रिफायनरीत काढून घ्यायची, मग शिशाच्या लाद्या बोटीने न्यूकॅसलच्या धक्क्यावर, तिथून जहाजाने लंडन किंवा हॉलंड. छपरांना, पाइपांना, रंगाला, बंदुकीच्या गोळ्यांना शिसं लागायचंच. लढाई लागली की जहाजं आरमाराच्या सोबतीची वाट बघत अडकून पडायची आणि विमा महागायचा. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून विलायती शिसं सुरतेला आणि मुंबईलाही यायचं, बनाती आणि तांब्याबरोबर, कंपनीच्या नेहमीच्या मालातलाच तो एक माल होता.

पण मला ज्याने धरून ठेवलं ते खाणकामगारांच्या पैशाचं प्रकरण.

पद्धत अशी होती. चार-सहा-आठ जणांनी मिळून टोळी करायची, तिला भागीदारी म्हणायचे. एजंट खाणीत जाऊन दगड बघायचा, धातुकाची शीर किती जाड आहे, दगड किती कठीण आहे, आणि मग सौदा व्हायचा, त्याचं नावच बार्गेन. एका बिंगामागे इतके शिलिंग. नुसता बोगदा खणायचा असेल तर वावेला इतके, वाव म्हणजे सहा फूट. दर तीन महिन्यांनी पुन्हा सौदा. शीर चांगली लागली तर टोळीचं नशीब, नाही लागली तर तीन महिने दगड फोडून हातात काही नाही. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, धातुक वर ओढायचा आणि धुवायचा खर्च, सगळा टोळीच्या नावावर. हिशोब वर्षाला एकदा. आणि तो वर्षाचा हिशोबही वेळेवर होईलच असं नाही, शिसं विकलं गेलं नाही, मालकाला दुसरीकडे पैसा लागला, की लांबला. तोपर्यंत घर चालायचं ते दुकानदाराच्या उधारीवर आणि मालकाने मधूनमधून दिलेल्या उसनवारीवर. सबसिस्ट म्हणायचे, लेंट मनी म्हणायचे. उचल! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मुलीला मोठ्याने हाक मारली, अगं हे बघ, यांच्याकडे पण उचल होती. ती म्हणाली, बाबा, तुम्ही कारखाना सोडलाय ना आता.

आणि टोळीने काही कमवायच्या आधी वाटेकरी किती. वीअरडेलच्या खाणी मुळात डरहॅमच्या बिशपच्या, ब्लॅकेट पट्टेदार. निघालेल्या धातुकाचा नववा भाग बिशपला. वर स्टॅनहोप गावच्या रेक्टरला, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याला, दहावा भाग, धर्माचा कर म्हणून. त्यामुळे ते चर्च देशातल्या श्रीमंत जागांपैकी एक झालं, जोसेफ बटलर हे मोठे धर्मचिंतक १७२५ ते १७४० तिथे रेक्टर होते, आणि त्यांच्या शांत अभ्यासाच्या खर्चात या बोगद्यांतला वाटा होता. शेजारी आल्स्टन मूरच्या खाणींची आणखी वेगळी गोष्ट, ती जमीन अर्ल ऑफ डर्वेंटवॉटरची, त्याचा वाडा डिल्स्टनला, याच डेव्हिल्स वॉटरच्या काठी खाली. तो १७१५ च्या बंडात राजाविरुद्ध गेला, १७१६ च्या फेब्रुवारीत लंडनला त्याचं डोकं उडवलं, जमीन जप्त, आणि १७३५ मध्ये ती ग्रीनिचच्या खलाशांच्या हॉस्पिटलला देऊन टाकली. म्हणजे डोंगरात कुणी खणायचं आणि त्यातला पाचवा हिस्सा लंडनच्या म्हाताऱ्या खलाशांच्या सूप-भाकरीला. या इस्टेटीच्या दोन कारभाऱ्यांपैकी एक १७६४ ते १७७७ जॉन स्मीटन होते, एडिस्टोनचं दीपगृह बांधणारे इंजिनियर. एवढा मोठा माणूस, तोही खंडाचे आणि भट्टीचे रिपोर्ट लंडनच्या कमिशनरांना लिहीत होता. मला हे फार आवडलं, का ते सांगता येत नाही.

आता पैसे द्यायचे ठरले तरी द्यायचे कसे, हा पुढचा घोळ. शिसं विकून येतो तो कागद, बिल ऑफ एक्सचेंज, म्हणजे सरळ आपली हुंडी, लंडनच्या कुणा व्यापाऱ्यावर अमुक दिवसांच्या मुदतीची. ॲलनहेड्सच्या खाणकामगाराला हुंडी देऊन काय उपयोग, त्याला नाणी हवीत, आणि नाण्यांचा त्या काळी दुष्काळ. न्यूकॅसलला पहिली बँक निघाली १७५५ मध्ये. त्याआधी एजंटाने हुंड्या वटवणारा गाठायचा, झिजलेली-कापलेली नाणी निवडायची, पिशव्या बांधायच्या आणि घोड्यावरून माळ ओलांडून डोंगरात न्यायच्या. त्यामुळे पगाराचा दिवस ही एक मोहीमच असायची, आणि तो ठरवायच्या आधी महिनोन्‌महिने पत्रापत्री.

इथे मधला माणूस कसा लिहितो ते बघण्यासारखं आहे. खाण-एजंट त्याच खोऱ्यात राहतो, त्याच चर्चमध्ये जातो, त्याला टोळीतल्या प्रत्येकाचं घर माहीत. धान्य महाग झालं की त्याला ते मालकाच्या आधी कळतं. १७४० च्या जूनमध्ये धान्यासाठी न्यूकॅसलला दंगल झाली, लोक गिल्डहॉलमध्ये, म्हणजे शहराच्या कचेरीत, घुसून तिजोरी फोडून गेले, ते वर्ष डोंगरात कसं गेलं असेल. पण तो वर लिहिताना माणसं उपाशी आहेत म्हणून पैसे पाठवा अशी वाक्यरचना सहसा करत नाही. तो लिहितो की पैसे वेळेवर न आल्यास माणसं दुसऱ्या खाणीकडे जातील, काम मागे पडेल, दुकानदार उधार बंद करतील. त्यांचं दुःख तो मालकाच्या तोट्याच्या भाषेत भाषांतर करून पाठवतो, कारण त्याला माहितीये वर कोणती भाषा वाचतात. काही जण याला एजंटांचा कोरडेपणा म्हणतील. मला तसं वाटत नाही. मला ती त्यांची एकमेव चाल वाटते. अर्थात ती चाल मालकाच्या फायद्याचीही असायची, आणि हाच एजंट पुढच्या सौद्यात बिंगामागे दोन शिलिंग कमी करायचा तेव्हा त्याच माणसांसमोर उभा राहून करायचा, हेही खरंय.

आणि काही गोष्टी पत्रात येतच नाहीत, किंवा अगदी कडेने येतात. बोगद्यातल्या धुळीने आणि कोंदट हवेने छाती जायची, माणसं लवकर म्हातारी व्हायची. हे सरकारी कागदावर नीट आलं ते १८४२ च्या आणि मग १८६४ च्या चौकशीत, म्हणजे शंभर वर्षांनी. उन्हाळ्यात धातुक धुवायला उघड्यावर मुलं उभी असायची, पत्रात ती एका आकड्यात असतात. भट्टीच्या धुराने कुणाची गुरं दगावली तर ते मात्र पत्रात येतं, कारण शेतकरी भरपाई मागतो. गुरांना किंमत होती आणि ती कुणीतरी मागत होतं. बायका तर जवळजवळ नाहीतच, एखादी विधवा नवऱ्याच्या हिशोबातली बाकी मागायला येते तेवढीच.

मोठ्या घटनाही अशाच कामाच्या दारातून आत येतात. ९ मार्च १७६१ ला हेक्सॅमच्या बाजारात चिठ्ठ्या टाकून होणाऱ्या सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध लोक जमले आणि यॉर्कशायरच्या सैनिकांनी गोळीबार केला, पन्नासच्या आसपास माणसं मेली. मी त्या चौकात उभा राहिलो होतो, आता तिथे भाजी आणि चीज विकतात. १७ नोव्हेंबर १७७१ ला टाइनला पूर आला तो इतका की कॉर्ब्रिजचा सोडून नदीवरचे सगळे मोठे पूल गेले, न्यूकॅसलचा जुना पूल त्यावरच्या घरा-दुकानांसकट. ज्यांचा सगळा माल त्या नदीच्या दोन्ही काठांवरून फिरतो त्यांच्यासाठी तो पूर म्हणजे पुढच्या कित्येक महिन्यांचा पत्रव्यवहार.

१७७७ मध्ये सर वॉल्टर गेले. वॉलिंग्टनचा वाडा भाच्याकडे गेला आणि खाणी मावसभावाकडे, यॉर्कशायरच्या ब्रेटन हॉलच्या सर थॉमसकडे, त्यांनीही ब्लॅकेट नाव लावलं. पुढे न्यूकॅसलचा कारभार जॉन इरॅस्मस ब्लॅकेट बघायचे, नात्यातलेच, चार वेळा शहराचे मेयर, आणि ट्रॅफल्गारच्या लढाईतल्या ॲडमिरल कॉलिंगवुडचे सासरे. अशा माणसालाही मालकाला कळवावंच लागायचं, ठरवता यायचं नाही. मेयरची साखळी गळ्यात आणि पत्राच्या शेवटी आज्ञाधारक सेवक. १७९२ मध्ये सर थॉमस गेल्यावर खाणी त्यांच्या मुलीकडे, डायना बोमाँटकडे गेल्या. मालक बदलले, पत्रं तशीच चालू राहिली, पुन्हा तट्टं, पुन्हा पाऊस, पुन्हा पे कधी.

एक प्रसंग मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. नोकरीच्या आठव्या की नवव्या वर्षी, सीझन लागायच्या आधी, एक तोडणीवाली बाई खिडकीशी आली, मुकादमाला न घेता एकटी. मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात होती, सात वर्षांची, ताप उतरत नव्हता, डॉक्टरांनी जिल्ह्याला न्यायला सांगितलं होतं आणि उचलीचा दुसरा हप्ता अडकलेला. मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच दुपारी वर पत्र लिहिलं. खूप विचार करून लिहिलं. लिहिलं की दुसरा हप्ता तातडीने न मिळाल्यास सदर टोळ्या इतर कारखान्यांकडे वळण्याची शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे गाळपावर विपरीत परिणाम होईल. पोरीबद्दल लिहिलं असतं तर फाइल बाजूला पडली असती, हे मला अनुभवाने माहीत होतं. पत्र पोचलं, मंजुरी आली, नऊ दिवस लागले. मधल्या दिवसांत मुकादमाने कुठून तरी व्याजाने पैसे काढले आणि मुलीला जिल्ह्याला नेलं. ती वाचली. पुढच्या सीझनला फडावर आईबरोबर दिसली, मोळीवर बसलेली, मी तिला नावाने हाक मारली तर लाजून खाली उतरली.

ॲलनहेड्सच्या एजंटाची पत्रं वाचताना मी आता वाक्याच्या मागे बघायला शिकलोय. काम मागे पडेल असं जिथे लिहिलंय तिथे थांबतो, आणि त्या आठवड्यात त्याच्या दाराशी कोण येऊन गेलं असेल ते शोधत बसतो, आसपासच्या चार पत्रांत, हिशोबात, कुठे एखादं आडनाव सापडतं का म्हणून. बहुतेक वेळा नाही सापडत.

आमच्या ऑफिसचं त्या वर्षीचं जावक रजिस्टर मी रिटायर होताना पुन्हा उघडून बघितलं होतं. तारीख आहे, जावक क्रमांक आहे. विषयाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, टोळ्यांच्या उचलीबाबत.